जॉयस्टिकचा चौरंग

बाजारात तयार आर्केड जॉयस्टिक, म्हणजे गेम पार्लरातल्यासारखी दांड्याची आणि बटणांची पेटी, मिळते. पैसे टाका, खोकं उघडा, खेळा. पण 'घरीच करू, निम्म्यात होईल' असं ज्या घरात कुणी एकदा म्हणतं, त्या घरातल्या डायनिंग टेबलावर पुढं बरेच दिवस कुणी जेवत नाही.

मूळ दुखणं मुस्तफाचं. कॅपकॉमनं १९९३ साली 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा गेम काढला. आपल्याकडच्या पार्लरांत हे लांबलचक नाव कोण घेतंय? त्यातल्या एका गड्यावरून सगळे त्याला 'मुस्तफा'च म्हणायचे. मुठीत धरायचा दांडा आणि दोन बटणं, एक हाणायचं, एक उडी मारायचं. ज्यांच्या मनगटाला ती सवय लागली, त्यांना टीव्हीला जोडायच्या गेम कन्सोलच्या पॅडवरची इवलीशी काडी अंगठ्यानं हलवण्यात काय मजा येणार!

म्हणून जपानच्या सानवा कंपनीचा जेएलएफ दांडा आणि तिचीच ३० मिलिमीटरची आठ बटणं मागवली. बायकोनं टेबलावरचा पसारा बघितला.

"मुस्तफाला दोनच लागायची ना रे?"

'स्ट्रीट फायटर'ला सहा लागतात, तीन ठोशांची, तीन लाथांची, हे मी समजावलं. उरलेल्या दोनांबद्दल तिनं विचारलं नाही, हे तिचे उपकार.

आता पेटी. मिस्त्री आले, त्यांनी दांडा हातात घेऊन उलटसुलट केला आणि हे कुठल्या मशीनचं, असं विचारलं. गेमचं म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग माझ्या डोक्यावरच्या उरलेल्या केसांकडं.

"वरचा पत्रा पातळ हवा, मिस्त्री. ही बटणं खटकन बसायची असतात, खाली दोन कान आहेत बघा, ते पत्र्याच्या कडेला अडकतात."

"पातळ? साहेब, आपण अठराचा प्लाय वापरू. उद्या वर माणूस उभा राहिला तरी हलणार नाही."

वर माणूस कशाला उभा राहील, हे विचारायचं राहून गेलं. अठरा मिलिमीटरच्या प्लायमध्ये कान आतच दबून राहतात, कशालाच अडकत नाहीत. दांड्याची गत आणखी वाईट. तो खालून बसवायचा असतो, त्यामुळं अर्धाअधिक लाकडातच बुडतो आणि वर नुसता गोळा टेकलेला दिसतो. त्यातून भोकं पाडायला मिस्त्रींनी काढला तो कपाटाच्या बिजागरीचा बिट. तो ३५चा. बटणाचं तोंडच त्याहून लहान, त्यामुळं नमुन्याच्या फळीत टाकलेलं पहिलं बटण सरळ खाली, मिस्त्रींच्या चपलेवर.

"बटणं जरा मोठी नाही का मिळत?"

शेवटी ३०चा होलसॉ मी आणला, वरचा अठराचा प्लाय गेला आणि तिथं पातळ ॲक्रिलिक आलं. पण मिस्त्रींनी सूड म्हणून बाजू सागवानी केल्या आणि खाली चार पाय ठोकले. वस्तू इतकी देखणी झाली की आईनं विचारलं, यंदा गणपतीला वापरता येईल का. मधल्या भोकातून कलशही नीट बसेल, म्हणाली.

वायरिंगचं काम त्या मानानं निर्बुद्ध, म्हणून सुखाचं. प्रत्येक बटणाच्या मागं दोन पाती. सगळ्या बटणांचं एकेक पातं एकाच माळेत ओवून ग्राउंडला, दुसऱ्याची स्वतंत्र वायर बोर्डावर. बोर्ड म्हणजे दाबलेलं बटण ओळखून गेमला कळवणारी छोटी सर्किटची पट्टी, रास्पबेरी पाय पिको नावाची, आणि त्यात ती चालवणारा जीपी२०४०-सीई हा फुकट मिळणारा प्रोग्राम. अडलं ते लगवर, म्हणजे वायरच्या टोकाला लावून पात्यावर खोचायच्या टोप्यांवर. पासोड्या विठोबापाशी एका दुकानात मागितले, तर दुकानदारानं मोटारीच्या वायरिंगचे काढले. ढिले. बारीक हवेत म्हटल्यावर, "मिक्सरला का?" मी हो म्हणालो. पुण्यात दुकानदाराला खरं कारण सांगायला अंगात बळ लागतं.

कॉम्प्युटरवर सगळं झकास चाललं. कन्सोलवर लावलं, खेळ रंगात आला आणि आठ मिनिटांनी दांडा मेला. वायर काढून पुन्हा लावली, पुन्हा आठ मिनिटं. काही कन्सोल अधिकृत कंट्रोलरची ओळख तपासतात, सोसायटीच्या वॉचमनसारखी. आधी आत सोडतात, मग मागून येऊन विचारतात, कुणाकडं आलात? त्यावर ओळखपत्र बाळगणारा वेगळा बोर्ड मिळतो. तो घेतल्यावर 'निम्म्यात' हा शब्द घरात कुणी काढत नाही. बायको काढते.

बिलाचे राहिलेले पैसे न्यायला मिस्त्री आले, तेव्हा मी त्यांना मुद्दाम खेळायला बसवलं. त्यांनी स्क्रीनकडं बघितलंसुद्धा नाही. दोन बोटांनी दांडा डावीकडं-उजवीकडं हलवला, कपाळाला आठ्या घातल्या. दांडा सैलच असतो, खालची स्प्रिंग त्याला मधे आणते, हे मी घाईघाईनं सांगू लागलो, पण त्यांचा हात पिशवीत गेला होता.

"डुगडुगतंय हो साहेब हे. थांबा, थोडा फेविकॉल सोडतो."