म्हणे डॉक्टर ग्राहक कायद्यातून सुटले!

‘आरोग्यसेवा हा धंदा नाही, म्हणून २०१९ च्या ग्राहक कायद्यातून ती वगळली. आता डॉक्टरांवर तक्रार करता येत नाही. हॉस्पिटलचे कागदही मागू नका, ते त्यांचे असतात.’ हा मेसेज काल आत्याच्या फोनवरही पोचला. आता पुरे.

२०१८ च्या विधेयकात सेवांच्या यादीत ‘आरोग्यसेवा’ हा शब्द होता आणि २०१९ मध्ये तो काढला, एवढं खरं. पण ती यादी नुसती उदाहरणादाखल आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यातही हा शब्द नव्हताच, तरी सुप्रीम कोर्टाने १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालात पैसे घेऊन केलेले उपचार ‘सेवा’ ठरवले. मग नव्या कायद्यात तो नाही म्हणून काय बिघडलं? ‘शब्द काढला म्हणजे डॉक्टर सुटले’ हाच मुद्दा घेऊन केलेली याचिका मुंबई हायकोर्टाने २०२१ मध्ये फेटाळली आणि एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच केलं.

‘धंदा नाही’ हा वाद वेगळ्याच कायद्यातला. जे.जे.च्या वॉर्डातल्या कामगारांच्या प्रकरणात १९६० मध्ये हॉस्पिटल ‘उद्योग’ ठरलं, १९७० मध्ये ते उलटलं, १९७८ मध्ये पुन्हा उद्योग झालं. हे सगळं नोकर आणि मालक यांच्यातलं; पेशंटचा त्याच्याशी संबंध नाही.

सरकारी दवाखान्याबद्दल थोडं मान्य करावं लागेल. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात तिथे ग्राहक कायदा लागत नाही, आणि केस पेपरचे पाच-दहा रुपये म्हणजे फी नव्हे. पण त्याच हॉस्पिटलात काहींकडून पैसे घेत असतील, तर फुकटवालाही ग्राहकच.

सगळ्यात घातक ते कागदांचं. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे ॲडमिट पेशंटच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायच्या आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका, तो शेवटी लिहिलेला गोषवारा असतो. कुठल्या तासाला बीपी पडलं, डॉक्टरांना कधी कळवलं, हे नर्सिंग चार्टवर असतं. तो, औषधांचा चार्ट, ऑपरेशन नोट, भूल दिल्याची नोंद आणि संमतीपत्र, असं नावानिशी लिहून अर्ज द्या. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या; तोंडी मागणी नंतर कुणाला आठवत नाही.

तक्रार राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही करता येते. तक्रारीची फी हॉस्पिटलात भरलेल्या बिलावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. पाच लाखांपर्यंतच्या बिलाला ती शून्य. मुदत दोन वर्षं. मेसेज खरा मानून घालवलेले महिने त्यातूनच वजा होतात.