बदकाच्या शागुतीला माशाचा वास आला म्हणणाऱ्या सरांना मालकाकडून उत्तर

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री गल्ला मोजताना वाचला. खरं सांगतो, पहिल्यांदा वाचून डोकं फिरलं, दुसऱ्यांदा वाचला तेव्हा उठून सरळ किचनात गेलो. तुम्ही लिहिलंय की बदकाच्या शागुतीला, म्हणजे आमच्या गोव्याच्या भाजलेल्या मसाल्याच्या रश्शाला, माशाचा आणि तळ्यातल्या चिखलाचा वास होता, तंगडी रबरासारखी, आणि वेटरला विचारलं तर तो म्हणाला "रानबदक आहे सर, असंच लागतं". 2 स्टार दिलेत, वर सल्ला पण दिलात की व्हिनेगरमध्ये भिजवत जा आणि मसाला वाढवा.

आधी वेटरचं सांगतो. तो साफ खोटं बोलला. नवीन पोरगा आहे, आणि आमच्याकडे काय होतं, करमळीचं तळं इथून स्कूटरने 10 मिनिटांवर, थंडीत तिथे अडई, तलवार बदक, थापट्या अशी रानबदकं उतरलेली असतात, लोक दुर्बिणी घेऊन सकाळी जातात आणि परतताना आमच्याकडे जेवायला थांबतात, त्यातला कोणीतरी डोळा मारून विचारतोच "काय, तळ्यातलं का?". पोराला वाटलं रानबदक म्हटलं की गिऱ्हाईक खूश. 1972 चा वन्यजीव कायदा आहे सर, रानातलं पाखरू मारणं आणि विकणं दोन्ही गुन्हा. कायदा नसता तरी आम्ही ते केलं नसतं, ती बदकं बघायला येणाऱ्यांवरच आमचा नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा धंदा चालतो. आमचं बदक पाळीवच असतं. पोराला चांगलं सुनावलंय.

मग पाळीव बदकाला माशाचा वास कुठून आला? सोमवारी सकाळी फ्रीझर उघडला, त्याच लॉटमधली दोन शिल्लक होती. एकाच्या पोटाकडची चरबी नखाएवढी कापली आणि कोरड्या तव्यावर टाकली, मीठ नाही तेल नाही. अर्धं मिनिट झालं नसेल, मागे भांडी घासणाऱ्या मावशी ओरडल्या "बांगडा कोणी करपवला रे?". झालं, तिथेच कळलं तुमचं बरोबर आहे. आमचा नेहमीचा बदकवाला आजारी होता म्हणून ती खेप दुसऱ्याकडून घेतलेली, फोन केला तर तो सरळ म्हणाला की मासळी साफ करून उरलेली घाण फुकट मिळते, तीच घालतो बदकांना. बदक जे खातं ते त्याच्या चरबीत उतरतं, आणि एकदा चरबीत उतरलं की शागुतीत खसखस, जायफळ, दगडफूल कितीही भाजून घाला, वास खाली बसून राहतो आणि दुसऱ्या घासाला वर येतो.

दुसरी चूक आमचीच. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला पिवळी जोड गाठ असते, साधारण वालाच्या दाण्याएवढी, त्यातलं तेल चोचीने घेऊन ते पिसांना लावतं म्हणून पाणी टिकत नाही अंगावर. ही गाठ न फोडता सुरीच्या टोकाने अख्खी कोरून काढायची असते. त्या दिवशी शेपूट नुसतं छाटलं आणि अर्धी गाठ आतच राहिली. उरलेल्या दोन्ही बदकांत तेच दिसलं, कापलेल्या जागी पिवळं तेल.

आता तुमच्या व्हिनेगरबद्दल, रागावू नका. व्हिनेगरने मांस जरा मऊ पडतं, पण चरबीतला वास त्याने जात नाही. तुम्हाला फक्त आंबट मासा लागला असता. हे मी हवेत बोलत नाही. गोव्यात हॉटेल काढण्याआधी 4 वर्षं इंग्लंडात नॉरफकला एका हॉटेलच्या किचनात होतो, तिथे 1 सप्टेंबर ते 31 जानेवारी शिकारीचा सीझन असतो आणि मॅलर्ड, टील अशी खरी रानबदकं कायदेशीरपणे किचनच्या मागच्या दारात येतात, पिसांसकट. पहिला महिनाभर मीच सोलत होतो ती. तिथल्या हेड शेफचं पहिलं काम म्हणजे पाखराचं पोट हुंगणं. बंदुकीचा छर्रा आतड्यातून गेला असेल तर आतली घाण मांसात पसरते, म्हणून आतडी लगेच काढायची आणि पाखरू थंड करायचं, गाडीच्या डिकीत ढीग करून आणलेलं असेल तर तो परतच पाठवायचा. छर्रा लागलेल्या जागी रक्त गोठून काळं झालेलं असतं, तेवढं मांस कापून टाकायचं. मग 1 लिटर पाण्याला 50 ग्रॅम मीठ घालून रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळी पाणी गुलाबी झालेलं असतं ते ओतून द्यायचं आणि मांस कोरडं पुसायचं.

आणि तव्यावरची ती चरबीची टेस्ट पण तिथलीच. दाणे खाल्लेलं मॅलर्ड असेल तर चरबीला छान वास येतो, मग कातडं ठेवून कुरकुरीत करायचं. खाडीतलं कालवं-किडे खाल्लेलं असेल तर कातडं आणि चरबी दोन्ही सोलून फेकायची, नुसतं मांस शिजवायचं. मासे खाणारी बदकं तर कोणी घ्यायचंच नाही. छातीचं मांस दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं, आत गुलाबी राहिलं पाहिजे, जास्त शिजलं की कलेजीसारखं लागतं, आणि बरेच लोक त्यालाच रानटी वास म्हणतात. तंगड्या मात्र वेगळ्या, मंद आचेवर दोन तास तरी.

तुमची तंगडी रबर झाली त्याचं कारण पण हेच धरा, छाती आणि तंगडी एकाच टोपात एकाच वेळी घातली होती, आणि बदक बहुतेक अंडी देऊन म्हातारं झालेलं. आता आम्ही तंगड्या तासभर आधी घालतो.

माझी आजी बदकाचं कातडं कधीच ठेवायची नाही, चरबी निपटून काढायची, मगच वाटणाला हात. मी इंग्लंडाला जाऊन आलो म्हणून शहाणा, कातडं ठेवायला सुरुवात मीच केली.

ती दोन बदकं फेकून दिली. तुमच्या बिलातले बदकाचे पैसे परत करतो, बिलावरच्या नंबरवर फोन करा. आमचा जुना माणूस बरा होऊन भाताच्या कोंड्यावर वाढवलेली बदकं देईपर्यंत मेनूतून बदक काढलंय, तोवर आलात तर गावठी कोंबडीची शागुती आणि वडे आहेत, फक्त सकाळी सांगून ठेवा, कोंबडी पण वेळ घेते.