थॉमसनचा अणू एवढा पोरकट नव्हता

नमस्कार. थॉमसनच्या अणूवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही खडसावून लिहिलंत, तर उत्तरही सविस्तर द्यायला हवं. तुमचं म्हणणं असं: इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसनचं अणूचं प्रारूप (धनप्रभाराचा गोल आणि त्यात ऋणप्रभारी इलेक्ट्रॉन) म्हणजे निव्वळ अंदाज, रदरफोर्डच्या सोन्याच्या वर्खावरच्या प्रयोगाने तो एका फटक्यात उडाला, मग त्यावर अख्खा लेख कशाला? आणि जपानी भौतिकशास्त्रज्ञ नागाओकाने आधीच बरोबर सांगितलं होतं, त्याला मात्र एकच ओळ?

शाळेत आपण थॉमसनचा अणू म्हणजे कलिंगड आणि त्यात रुतलेल्या बिया असं शिकलो, तिथेच घोळ झाला. थॉमसनच्या १९०४ च्या निबंधात इलेक्ट्रॉन रुतून बसलेले नाहीत. धनप्रभाराच्या गोलात ते कड्यांमध्ये फिरतात, आणि कोणती रचना टिकेल याचं त्याने गणित केलंय. एका कड्यात पाच इलेक्ट्रॉन तग धरतात. सहा झाले की एकाला आत जावं लागतं. अशा कड्यांवरून मूलद्रव्यांच्या आवर्ती गुणधर्मांचा अर्थ लागेल, अशी त्याची आशा होती. फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावतो ही अडचणही त्याला ठाऊक होती. कड्यात इलेक्ट्रॉन वाढले की प्रारण (बाहेर टाकली जाणारी ऊर्जा) झपाट्याने घटतं, हे त्याने दाखवलं. याला अंदाज म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता तो ‘एक फटका’. १९०९ मध्ये मँचेस्टरला गायगर आणि मार्सडेन यांना प्लॅटिनमवरून सुमारे ८,००० पैकी एक अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून निघणारा धनप्रभारी कण) उलटा फिरलेला दिसला. रदरफोर्डचा निबंध आला १९११ मध्ये, म्हणजे मधे दोन वर्षं गेली. थॉमसनच्या अणूत धनप्रभार पसरलेला, म्हणून अल्फा कण प्रत्येक अणूपाशी थोडासाच वळेल; अशी लहान लहान वळणं साठून एवढं मोठं वळण होणं जवळजवळ अशक्य, म्हणजे प्रभार अणूच्या मधोमध एकवटलेला हवा, हे त्याने आकड्यांनी पटवलं. पण त्या निबंधात मधला प्रभार धन की ऋण हे मोकळं ठेवलंय आणि अणू टिकतो कसा हा प्रश्न सरळ बाजूला सारलाय! थॉमसन ज्याच्याशी झगडत होता तोच प्रश्न. त्याच वर्षीच्या सोल्वे परिषदेला (निवडक भौतिकशास्त्रज्ञांची ब्रुसेल्समधली बैठक) रदरफोर्ड हजर होता, तरी या अणूवर तिथे चर्चा झाली नाही. १९१३ मध्ये डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ बोरने क्वांटमची अट घातली (इलेक्ट्रॉन ठरावीक कक्षांमध्येच फिरू शकतो), तेव्हा कुठे लोक वळून पाहू लागले.

नागाओकाचं म्हणाल तर मधल्या धनप्रभाराभोवती इलेक्ट्रॉन शनीच्या कड्यांसारखे फिरतात ही त्याची कल्पना सुरेख होती, रदरफोर्डनेही तिचा उल्लेख केला. पण शनीच्या कड्यातले कण एकमेकांना ओढतात, इलेक्ट्रॉन ढकलतात. त्यामुळे ती कडी टिकत नाहीत, हा आक्षेप लगेच आला. म्हणून एक ओळ.