बीटाच्या रसाने काळे केस लाल होत नाहीत

"मेंदीत बीट, गाजर आणि जास्वंदीचा रस घाला, लोखंडी कढईत रात्रभर भिजवा. एका वापरात काळेभोर केस लालचुटूक! सगळं नैसर्गिक, त्यामुळे अपाय शून्य." हा मजकूर हजारो लोक पुढे पाठवत आहेत. यातलं जवळजवळ काहीच खरं नाही.

"काळेभोर केस लालचुटूक." केसाचा काळेपणा मेलॅनिनमुळे येतो आणि त्याचे कण केसाच्या आतल्या थरात असतात. ते फिकट करायला हायड्रोजन पेरॉक्साइडसारखं रसायन लागतं. वनस्पतींचा रंग फक्त वर चढतो, आतला काळा काढत नाही. म्हणून एकच मेंदी पांढऱ्या केसावर नारिंगी दिसते आणि काळ्यावर उन्हात तेवढी तांबूस झाक मारते. ती झाक सुंदर असते, पण लालचुटूक हवं असेल तर ब्लीचला पर्याय नाही.

"बीट, गाजर, जास्वंद." बीटातलं बीटॅनिन पाण्यात विरघळतं, केसाला धरून राहत नाही, धुतलं की वाहून जातं. जास्वंदीचा लाल रंग आंबटपणात टिकतो, साबण लागला की निळसर होतो. गाजराचं काळ्या केसावर काहीच दिसत नाही. टिकते ती मेंदीच, कारण तिच्यातला लॉसोन हा रंग केसातल्या केराटिन या प्रथिनाशी रासायनिक बंध जोडतो.

"लोखंडी कढईत भिजवा." लाल रंग हवा असेल तर हेच टाळायचं! चहा-आवळ्यातलं टॅनिन आणि मेंदीतला लॉसोन, दोन्ही लोहाशी मिळून काळपट होतात. पांढरे केस गडद करायला ती कृती ठीक. लालीसाठी काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं घ्या. मेंदी कोमट पाण्यात आणि थोड्या आंबट रसात काही तास भिजवा. धुतल्यावर भडक केशरी वाटलं तरी घाबरू नका, एक-दोन दिवसांत रंग गडद होतो.

"नैसर्गिक, म्हणून अपाय शून्य." या वाक्याची मला खरोखर भीती वाटते. 'काळी मेंदी' किंवा 'झटपट मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पुड्यांत पीपीडी हे रसायन असतं. त्याने खाज, फोड, डोळ्यांभोवती सूज येऊ शकते आणि एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा जन्मभर राहते. शुद्ध मेंदीसुद्धा जी६पीडी या, लाल रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळांच्या लाल रक्तपेशी फोडू शकते, म्हणून लहान मुलांना ती लावूच नये. लिंबाचा रस लावून उन्हात बसण्याचा सल्लाही याच मजकुराला जोडून फिरतो. त्या रसातल्या फुरोकुमारिन नावाच्या द्रव्यांमुळे ऊन लागलेली त्वचा भाजते आणि डाग महिनोन्‌महिने राहतात.

मेंदी लावण्याआधी 48 तास कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून पाहा. पुढे ब्लीच करायचा विचार असेल तर पुडीवरचे घटक वाचा. मेंदीत धातूंचे क्षार मिसळलेले असतील तर पेरॉक्साइड लागताच केस तापून तुटू शकतात. फणीत आलेले मेंदीचे चार केस आधी पेरॉक्साइडमध्ये बुडवून बघा. ते गरम झाले किंवा फेस आला, तर डोक्याला पेरॉक्साइड लावू नका.