‘शब्द हेरा, उत्तर लावा’ : पालकांच्या ग्रुपवरच्या एका संदेशाला उत्तर

परीक्षा तोंडावर आल्या की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश हमखास फिरू लागतो. यंदा तो मला सात-आठ जणांनी पाठवला आणि खाली विचारलं, ‘बाई, हे करून घेऊ का?’ संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं : विज्ञानाचे अवघड प्रश्न मुलांना मुद्दाम फसवायला काढलेले असतात. त्यामुळे प्रश्नातला मुख्य शब्द हेरायचा आणि त्याचं ठरलेलं उत्तर लावायचं. ‘सर्व’ किंवा ‘नेहमी’ असलेला पर्याय आधीच खोडायचा. उत्तर पुस्तकातल्याच शब्दांत पाठ करून घ्यायचं. प्रयोगांत वेळ घालवायचा नाही, त्यापेक्षा रोज ५० प्रश्न सोडवून घ्यायचे. शेवटी पुस्ती, ‘शिष्यवृत्तीसाठीही उपयुक्त’.

मी पाचवीला परिसर अभ्यास आणि सहावी-सातवीला सामान्य विज्ञान शिकवते. ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला त्यांची तळमळ मला कळते, मुलाचे गुण जाताना बघवत नाहीत. पण या पद्धतीने ते गुण वाचत नाहीत, उलट जातात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

शेवटच्या पुस्तीचं आधी उरकते. शिष्यवृत्ती परीक्षेला भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी असते. तिथे विज्ञानाची प्रश्नपत्रिकाच नसते. तेव्हा शिष्यवृत्तीच्या धास्तीने तरी कुणी हे पाठांतर सुरू करू नये.

आता मुख्य दावा : शब्द हेरा, उत्तर लावा. संदेशात उदाहरण दिलंय की ‘थेंब’ हा शब्द दिसला की ‘सांद्रीभवन’ (म्हणजे वाफेचं पाणी होणं) लिहायचं. आमच्या वर्गात दरवर्षी विचारला जाणारा प्रश्न आहे : गार पाण्याने भरलेल्या स्टीलच्या पेल्याच्या बाहेर थेंब का जमतात? बरीच मुलं लिहितात, ‘पेल्यातलं पाणी झिरपतं.’ ज्याने शब्द पाठ केलाय तो ‘सांद्रीभवन’ लिहून गुण घेऊन जातो. पुढच्या चाचणीत प्रश्न येतो : माठ बाहेरून ओला का लागतो? तोच मुलगा पुन्हा ‘सांद्रीभवन’ लिहितो आणि चुकतो. मातीच्या माठाला सूक्ष्म छिद्रं असतात, पाणी खरोखरच झिरपून बाहेर येतं, तिथे त्याची वाफ होते आणि त्या वाफ होण्याने आतलं पाणी गार होतं. पेल्याच्या बाबतीत ‘झिरपतं’ लिहिणारं मूल मूर्ख नव्हतं. त्याने घरातला माठ पाहिला होता आणि तोच नियम स्टीलला लावला होता. त्याला स्टील आणि भाजलेली माती यांतला फरक दाखवायचा, की एक शब्द घोकायला लावायचा?

मी काय केलं ते सांगते. एका दुपारी वर्गात स्टीलच्या फुलपात्रात बर्फ घातलेलं कोकम सरबत आणलं. पाच-सात मिनिटांत बाहेर थेंब जमले. एका मुलीला म्हटलं, बोटाने पूस आणि सांग, रंग कोणता? बोट स्वच्छ, पाण्यासारखं. तिने चाटूनही पाहिलं, आंबट लागेना. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मग हे पाणी आतलं नाहीच!’ मग कुठलं? वर्ग दोन मिनिटं गप्प होता. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, ‘हवेतलं?’ त्या प्रश्नचिन्हासकट आलेलं उत्तर पन्नास वेळा लिहून घेतलेल्या ओळीपेक्षा पक्कं बसतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना नवा प्रश्न घातला : मे महिन्यात असा गार पेला नागपूरला ठेवला आणि रत्नागिरीला ठेवला, तर थेंब सारखेच जमतील? पुस्तकात हा प्रश्न नाही. तरी वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी सांगितलं की कोकणातली हवा दमट, म्हणून रत्नागिरीला जास्त. पाठ केलेल्या शब्दाला इथवर येता येत नाही.

‘हिरवी पानं दिसली की प्रकाशसंश्लेषण’ हेही त्याच जातीचं. ‘वनस्पती श्वसन कधी करतात?’ या प्रश्नावर मुलं ‘रात्री’ला खूण करून येतात, कारण दिवसाच्या खणात त्यांनी प्रकाशसंश्लेषण कोंबलेलं असतं. श्वसन दिवसरात्र चालूच असतं.

‘सर्व’ आणि ‘नेहमी’ खोडायचा नियम तर मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो मुलाला प्रश्न न वाचताच उत्तर द्यायला शिकवतो. ‘सर्व सस्तन प्राणी पिल्लांना दूध पाजतात’ हे बरोबर आहे. ‘सर्व सस्तन प्राणी पिल्लांना जन्म देतात’ हे चूक, कारण प्लॅटिपस अंडी घालतो. ‘सर्व धातूंना चुंबक ओढतं’ हे चूक, स्वयंपाकघरातलं तांब्याचं भांडं किंवा ॲल्युमिनियमची कढई घेऊन बघा. ‘सर्व कीटकांना सहा पाय असतात’ हे बरोबर, आणि कोळ्याला आठ पाय असतात म्हणूनच कोळी कीटक नाही. ‘सर्व’ हा शब्द उत्तर सांगत नाही. तो मुलाला एक काम देतो : याला एक तरी अपवाद आठवतो का, ते शोध. हे काम मुलांना फार आवडतं, घरी एकदा खेळून बघा.

पुस्तकातल्याच शब्दांत लिहा, या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि ते मी मान्य करते. विज्ञानात शब्द नेमका लागतो. पण का लागतो, हे मराठी घरातल्या मुलाला समजावून सांगावं लागतं. आपण घरात सर्रास म्हणतो, ‘आइस्क्रीम विरघळलं, तूप विरघळलं.’ विज्ञानाच्या पेपरात तेच लिहिलं की गुण जातो. साखर पाण्यात विरघळते, तिथे दोन पदार्थ लागतात. बर्फ वितळतो, तिथे फक्त उष्णता लागते, दुसरा पदार्थ लागत नाही. मूल घरचं मराठी नीट बोलत असतं, त्याला ‘तुझं चूक’ म्हणून गप्प करू नका. सरबत करताना एकदा विचारा, ‘साखरेचं काय झालं? आणि बर्फाच्या खड्याचं?’ तसंच वजनाचं. बाजारात आपण किलोत वजन मागतो, पुस्तक त्याला वस्तुमान म्हणतं. पाच किलोची गुळाची ढेप चंद्रावर नेली तर ती पाच किलोचीच राहील, गूळ तेवढाच. पण उचलताना ती सहापट हलकी लागेल. एवढं मनात बसलं की दोन शब्द वेगळे का, हे मुलाला कुणी सांगावं लागत नाही. नुसती व्याख्या पाठ असलेलं मूल ‘चंद्रावर वस्तुमान किती?’ या प्रश्नाला हमखास भागाकार करत बसतं.

आता प्रयोगात वेळ घालवू नका, याबद्दल. मला सर्वांत जास्त बोलायचंय ते याच मुद्द्यावर. अवघड म्हणून पालक मला जे प्रश्न दाखवतात, त्यांतले बरेचसे प्रयोग कसा रचतात यावरचेच असतात. एक नमुना घ्या. चार वाट्यांत मटकी ठेवली. वाटी अ : ओला कापूस, खिडकीत. वाटी ब : ओला कापूस, बंद कपाटात. वाटी क : कोरडा कापूस, खिडकीत. वाटी ड : ओला कापूस, फ्रीजमध्ये. मोड येण्यासाठी प्रकाश लागतो का, हे ठरवायला कोणत्या दोन वाट्यांची तुलना कराल?

शब्द हेरणारं मूल ‘प्रकाश’ पाहतं, त्याला ‘वनस्पतींना सूर्यप्रकाश लागतो’ आठवतं आणि ते खिडकीतल्या दोन वाट्या निवडतं, अ आणि क. पण त्या दोघींत फरक पाण्याचा आहे, प्रकाशाचा नाहीच. बरोबर जोडी अ आणि ब, कारण त्यांत प्रकाश सोडून सगळं सारखं आहे. आणि ‘ऊब लागते का?’ विचारलं असतं तर? तेव्हा ब आणि ड, दोन्ही ओल्या, दोन्ही अंधारात, फरक फक्त गारठ्याचा. हा प्रश्न मी एका पालकसभेत फळ्यावर लिहिला. वडील मंडळी विचारात पडली. एक आई, स्वतः चौथीपर्यंत शिकलेली, लगेच म्हणाली, ‘मोड आणायला मी तर मटकी फडक्यात बांधून डब्यात झाकून ठेवते. उजेड कशाला लागतोय? थंडीत मात्र डबा उबेला ठेवावा लागतो.’ अख्ख्या प्रयोगाचा निष्कर्ष त्यांच्या ओट्यावर रोज निघत होता. त्यांच्या मुलाला मात्र ‘अंकुरणासाठी आवश्यक घटक’ ही चार ओळींची टीप पाठ होती आणि डब्यातल्या मटकीशी तिचा काही संबंध आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

आणि प्रयोगाचे गुण नसतात असंही नाही. सहावी आणि नववीची मुलं बसतात ती डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा बघा. लेखीनंतर प्रात्यक्षिक असतं, पुढे प्रकल्प आणि मुलाखत. घोकंपट्टीवर लेखीपर्यंत कुणी पोचलं, तरी पुढच्या दारात ती उपयोगी पडत नाही.

राहिला पहिला दावा, प्रश्न फसवण्यासाठी काढतात हा. मी स्वतः प्रश्नपत्रिका काढते, म्हणून सांगते. चुकीचे पर्याय आम्ही हवेतून आणत नाही, ते मुलांच्याच तोंडून वर्गात ऐकलेले असतात. ‘उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते’ हा पर्याय घालते, कारण दरवर्षी दहा मुलं तसं म्हणतात. चुलीजवळ गेलं की चटका बसतो, तेव्हा त्यांचं म्हणणं त्यांच्या अनुभवाला धरूनच असतं. पण पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि तेव्हा हीच मुलं स्वेटर घालून शाळेत येतात. सर्वांत लांब असते जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.५ अंशांनी कललेला आहे म्हणून. ज्या मुलाने तो पर्याय निवडला, त्याच्या डोक्यात काय आहे ते मला कळलं आणि दुसऱ्या दिवशी कुठून सुरुवात करायची तेही कळलं. मुलाला ‘पेपर काढणारा तुझा शत्रू आहे’ असं घरी सांगितलं, तर ते प्रत्येक ओळीकडे संशयाने बघतं आणि सरळ प्रश्नातही गोंधळतं.

५० प्रश्नांऐवजी पाच घ्या. पर्याय हाताने झाकून मुलाला आधी स्वतःचं उत्तर बोलू द्या. मग हात काढून बरोबर पर्याय शोधू द्या आणि उरलेल्या तिघांबद्दल एकच विचारा : ‘हा पर्याय बरोबर ठरायला प्रश्न कसा हवा होता?’ एका प्रश्नाला दहा मिनिटं लागतात. लागू द्या. तुम्हाला स्वतःला उत्तर येत नसेल तर तसं मुलाला सांगा आणि दोघं मिळून शोधा.

सुरुवात करायची असेल तर येत्या शुद्ध अष्टमीला करा. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, असं तुमचं मूल बहुधा म्हणेल, तशी समजूत मोठ्यांचीही असते. त्या दिवशी सूर्य मावळायच्या तासभर आधी गच्चीवर किंवा अंगणात जा. सूर्य पश्चिमेला असेल आणि अर्धा चंद्र वर, दक्षिणेकडे, त्याच आकाशात. हातात एक लिंबू घेऊन ते उन्हात, चंद्राच्या दिशेने, हात लांब करून धरायला सांगा. लिंबाची जेवढी बाजू उजळलेली दिसेल, तेवढीच चंद्राचीही दिसेल. मग विचारा, ‘लिंबाच्या काळोख्या बाजूवर कुणाची सावली पडलीय?’ आणि उत्तर यायची वाट बघा.