केबिन बघायला या म्हणणाऱ्यांच्या बाजूने

गेल्या जूनमध्ये आम्ही सिएटलहून अलास्काची सात रात्रींची क्रूझ केली. हिमनद्यांचे फोटो तेव्हाच टाकले होते. पण त्या प्रवासातली जी गोष्ट माझ्या मनात घर करून बसली, म्हणजे सहप्रवाशांच्या केबिन बघत केलेली फेरी, तिचा एकही फोटो माझ्याकडे नाही. तो काढायचा नाही असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

अमेरिकेत नेहमी क्रूझला जाणारी मंडळी निघण्याच्या बरीच आधी ऑनलाइन एकमेकांना गाठतात. कुठली तारीख, कुठलं जहाज, कोण कुठून येणार. मग ज्या दिवशी कुठलंच बंदर नसतं, नुसता समुद्र असतो, त्या दिवशी सकाळी एखाद्या लाउंजमध्ये सगळे जमतात. आमच्या जहाजावर जहाजाचे दोन अधिकारीही येऊन पंधरा मिनिटं बोलून गेले. त्यानंतर होतं ते केबिन क्रॉल. ज्यांनी नावं दिली असतील त्यांच्या केबिनमध्ये सगळा घोळका क्रमाने जातो, खोली बघतो, प्रश्न विचारतो आणि पुढच्या दाराकडे निघतो.

मुलाने आमचं नाव देऊन टाकलं होतं. ह्यांना ते अजिबात पटलं नाही. "अनोळखी माणसांच्या झोपायच्या खोलीत कशाला जायचं? आणि आपल्या पसाऱ्यात कोणाला आणायचं?" मला मात्र त्यात काहीच परकं वाटलं नाही. डोंबिवलीत कोणी नवा ब्लॉक घेतला की चहाच्या आधी "या, घर बघून घ्या" म्हणतात की नाही? ओट्याखालची ट्रॉली उघडून दाखवतात, बाथरूमचा नळ सोडून दाखवतात, गॅलरीतून समोरचं झाड दाखवतात. त्यात मिरवणं थोडं असतं, पण माणसाला आत घेणं जास्त असतं.

पहिल्या केबिनमध्ये शिरल्यापासून मी शिकतच होते. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हूक त्यांवर घट्ट बसतात. टोप्या, ओले रुमाल, ओळखपत्रं सगळं भिंतीवर टांगता येतं आणि टीचभर खोलीतली जमीन मोकळी राहते. हे बुकिंग करणाऱ्याने आम्हाला सांगितलं नव्हतं. एका जोडप्याने समुद्र दिसणारी खोली स्वस्तात मिळाली म्हणून घेतली होती. पडदा सारला तर बाहेर भलीमोठी नारिंगी लाइफबोट! वरच्या मजल्यावरच्या एकीची बाल्कनी सुंदर होती, पण तिच्या डोक्यावर पोहण्याच्या तलावाचा डेक. पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट उशाशी. आणि आमची? पार पुढच्या टोकाला. व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून जाताना पॅसिफिकच्या लाटा लागल्या आणि ह्यांना अशी बोट लागली की दुपारपर्यंत लिंबू हुंगत पडून होते. तळाजवळच्या मजल्यावर मधोमध राहणारे लोक म्हणाले, आम्हाला तर काही कळलंच नाही. जहाज मध्याभोवती डोलतं, टोकं जास्त वरखाली होतात, ही शाळेतली गोष्ट. मी तीस वर्षं शाळेत शिकवली, पण केबिन निवडताना मला आठवली नाही.

एक बाई चाकाच्या खुर्चीवर होत्या. त्यांची केबिन बघितली आणि ह्यांचा विरोध तिथेच संपला. दार रुंद, बाथरूमला उंबरा नाही, शॉवरखाली भिंतीतून उघडणारी बैठक, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. आमच्या बाथरूमला असा उंच उंबरा होता की गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या ह्यांना रात्री उठायचं म्हणजे दडपण यायचं. त्या बाईंनी ह्यांना जवळ बोलावून विचारलं, तुमचा गुडघा किती वाकतो? शॉवरमध्ये ठेवायला स्टूल हवं, असं आधी कळवलं तर बहुतेक जहाजांवर मिळतं. तुम्ही मागितलं का? आम्ही मागितलं नव्हतं. मग मागितलं, आणि संध्याकाळपर्यंत ते आलं. माहितीपत्रकातले सगळे फोटो धडधाकट माणसांनी धडधाकट माणसांसाठी काढलेले असतात. गुडघा दुखणाऱ्याला केबिन कशी असते, हे दुसरा दुखऱ्या गुडघ्याचा माणूसच सांगू शकतो.

आता जे मला खटकलं ते. आमचा क्रम ठरवला होता लहान खोलीपासून मोठ्या खोलीकडे. आधी आतली, बिनखिडकीची केबिन, मग खिडकीची, मग बाल्कनीची, शेवटी स्वीट, म्हणजे सगळ्यात मोठी आलिशान खोली. ऐकायला सरळ वाटतं. पण लाउंजमध्ये ती यादी वाचली गेली तेव्हा आतल्या केबिनवाल्या बाईंनी हळूच आपलं नाव मागे घेतलं. "आमच्याकडे बघण्यासारखं काही नाही." हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे. चाळीतल्या मुलींच्या तोंडून, वर्गातल्या मुलांच्या आयांच्या तोंडून. मी उठून म्हटलं, मला तुमचीच केबिन बघायची आहे, आणि शेवटी बघायची आहे. थोडी शांतता झाली, मग क्रम उलटा झाला. स्वीट आधी, आतली खोली शेवटी.

आणि सगळ्यात जास्त वेळ आम्ही तिथेच होतो. त्या बाई आणि त्यांचा नवरा मुद्दाम सगळ्यात स्वस्त खोली घेऊन दरवर्षी कुठे ना कुठे जातात. रात्री ते टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनल आवाज बंद करून लावून ठेवतात. उजाडलं की टीव्हीचा पडदा उजळतो, म्हणजे तीच त्यांची खिडकी. जूनमध्ये अलास्कात रात्र जेमतेम होते, त्यामुळे बाल्कनीवाले आम्ही सगळे पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडाने हैराण होतो आणि हे दोघं मात्र खिडकीच नसल्याने शांत झोपत होते. स्वीटमध्ये लोक "वा" म्हणाले आणि निघाले. इथे मात्र वही काढून लिहून घेत होते.

म्हणून माझं ठाम मत आहे, अशी फेरी मोठ्या खोलीत संपवू नये.

काळजीही घ्यायला हवी, आणि ती मी हलक्याने म्हणत नाही. घोळक्यानेच जावं, एकट्याने अनोळखी माणसाच्या केबिनमध्ये जाऊ नये. तरुण मुलींना तर मी हे दोनदा सांगेन. अमेरिकेने २०१० मध्ये क्रूझवरच्या सुरक्षेचा कायदा केला. प्रत्येक केबिनच्या दाराला बाहेरचा माणूस दिसेल असं भिंग आणि डेकचे कठडे किमान ४२ इंच, हे त्यातलंच. असा कायदा उगाच होत नाही. तेव्हा केबिनचा नंबर इंटरनेटवर टाकू नये, कपाटं उघडू नयेत, फोटो काढू नयेत. आणि आत जाण्याआधी साबणाने हात धुवावेत. उलट्या-जुलाब पसरवणाऱ्या नोरोव्हायरसला नुसतं सॅनिटायझर पुरत नाही.

आमची खोली लावणारा मुलगा गोव्यातल्या साष्टीतला. त्याच्याशी मी मालवणीत बोलायचे, तो कोंकणीत उत्तर द्यायचा. त्याचे आजोबाही तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे. बोटीवर चढण्याआधी मुंबईत धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गोवेकरांच्या गावक्लबात, राहायचे म्हणे. त्याने एवढंच विचारलं, "तुमचे लोक किती वाजता येणार? आधी सांगा, म्हणजे माझं काम त्याआधी आटपतं." ते ऐकून मला अपराधी वाटलं. आम्ही पाहुण्यांना दाखवत होतो ती टापटीप त्याच्या हातची होती. जहाजावर काम करणाऱ्यांसाठीच्या जागतिक करारात दिवसाला किमान १० तास आणि आठवड्याला ७७ तास विश्रांती सांगितली आहे. उरलेल्या तासांत हा मुलगा किती दारं उघडत असेल! तो स्वतः पाण्याच्या पातळीखाली एका सोबत्याबरोबर बिनखिडकीच्या खोलीत झोपतो. फेरीची वेळ ठरवताना त्याला विचारलंच पाहिजे, आणि त्या दिवशी त्याच्या हातावर चार पैसे जास्त ठेवले पाहिजेत.

हे सगळं मराठीत लिहिते आहे त्याला कारण आहे. त्याच जहाजावर आपल्याकडचा एक मोठा ग्रुप होता. पन्नासेक माणसं, सगळी मराठी. सात दिवस एकाच कोपऱ्यात जेवली, एकत्र अंताक्षरी खेळली, आणि उतरेपर्यंत त्यांची दुसऱ्या कोणाशी ओळख झाली नाही. लाउंजमध्ये या म्हणून मी दोघींना बोलावलं. "आम्हाला इंग्रजी बोलायचा कंटाळा येतो हो," म्हणाल्या. मला खूप वाईट वाटलं. बोटीवरचा शेजार आपल्याला नवा आहे का? माझी आजी भाऊच्या धक्क्यावरून वेंगुर्ल्याला जायची, डेकवर वळकटी पसरून. शेजारी कोण झोपलंय हे निवडता यायचं नाही. बंदरात धक्का नसला की भर समुद्रात बोटीतून पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरायचं, आणि तेव्हा कडेवरचं पोर जवळच्या अनोळखी माणसाच्या हातात द्यायचं. तिच्या निम्म्या ओळखी अशा बोटीवरच्या होत्या, आणि त्या शेवटपर्यंत टिकल्या.

येत्या हिवाळ्यात आम्ही दोघं मुंबईहून एम्प्रेसवर जातोय. जहाज १९९० सालचं, पूर्वी नॉर्डिक एम्प्रेस नावाने कॅरिबियनमध्ये फिरायचं. त्यावर बाल्कनीच्या केबिन कमीच आहेत. आम्ही मुद्दाम आतली, बिनखिडकीची, मधोमधची घेतली आहे. त्याच फेरीला तुमच्यापैकी कोणी असेल तर खाली लिहा. समुद्राच्या दिवशी दुपारी चार वाजता आमच्याकडे या. बरोबर शंकरपाळे आहेत, भिंतीला हूक आहेत. केबिनचा नंबर इथे देणार नाही, बोटीवर भेटलात की सांगेन. आणि मग तुमची दाखवा.