नारळ राहिलाय ना, काका

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सध्या दहा बाय आठचा फ्लेक्स लागलाय. त्यात खाली उजव्या कोपऱ्यात, 'समस्त नागरिकांतर्फे जाहीर आभार' या ओळीच्या डोक्यावर, हातात दळणाचा डबा घेऊन आ वासून उभा असलेला जो नागरिक दिसतो, तो मी. तोंड आभार मानायला उघडलेलं नाही. 'अहो, जाऊ द्या ना मला' असं चाललं होतं माझं.

रस्ता १८० मीटरचा. काँक्रीट पडून महिना उलटलेला. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात, म्हणजे त्यावरून मालट्रकही खुशाल जावा. डब्यासकट मला अडवलं ते गळ्यात उपरणं घालून, प्लास्टिकची खुर्ची आडवी टाकून बसलेल्या एका कार्यकर्त्याने.

"काका, मागनं जा."

"का? रस्ता झालाय ना?"

"झालाय की. भूमिपूजन राहिलंय."

"लोकार्पण म्हणायचंय का तुम्हाला?"

"लोकार्पण दिवाळीत. आज भूमिपूजन. आमदारसाहेबांची तारीख मिळेना आणि ठेकेदार थांबेना. मार्चएंड होता ना! निधी परत गेला असता. रस्ता झाला, पण नारळ राहिलाय ना, काका."

आता, भूमिपूजनाला भूमी लागते आणि इथे तर या टोकापासून त्या टोकापर्यंत काँक्रीट. ही अडचण त्याने आधीच सोडवली होती. रस्त्याच्या मधोमध लाल माती पसरून, थापीने चौकोनी सारखी करून, भोवती रांगोळी काढलेली. शेजारी रिबीन बांधलेली कुदळ. कुदळीच्या दांड्यावर दुकानाचं लेबल तसंच होतं.

"नर्सरीतनं आणली माती. दोन पोती," तो अभिमानाने म्हणाला.

"ती कुठल्या निधीतून?"

त्याला ते लागलं. "माती आमच्या खिशातनं, काका. रस्ता साहेबांच्या निधीतनं."

"साहेबांचा निधी म्हणजे सरकारचा. म्हणजे आपलाच की."

तो खुर्चीतून जरा पुढे सरकला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काका, तुम्ही विरोधी का?"

नाही म्हटल्यावर त्याने मायेने समजावलं. इथून डीपीपर्यंत, म्हणजे विजेच्या पेटीपर्यंत, नव्वद मीटर साहेबांचे. डीपीच्या पुढचे नव्वद 'त्यांचे', वेगळ्या योजनेतले. 'त्यांचं' भूमिपूजन परवा. तेव्हा परवा तिकडून जाऊ नका. दोन निधी, दोन अंदाजपत्रकं, दोन ठेकेदार, म्हणून डीपीपाशी दोन इंचांची पायरी. ती पायरी कुणाची, असं मी विचारलं. त्याने बराच विचार केला. "ती कुणाचीच नाही," म्हणाला, आणि तेवढ्यात गाड्या आल्या. माणसं कमी पडत होती, म्हणून मला डब्यासकट पुढे ओढण्यात आलं. कुदळीचा घाव माती ओलांडून खाली काँक्रीटला बसला आणि टवका उडाला. लोकार्पणाआधी रस्त्याला पडलेला पहिला खड्डा तो.

मुळात आमदाराला वर्षाला मिळणाऱ्या ५ कोटींतून आमदार रुपयाही स्वतः देत नाही. तो काम सुचवतो. प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकाऱ्याची, तांत्रिक मान्यता अभियंत्याची, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. फ्लेक्सवर यातला एकही चेहरा नसतो. निविदेत ठेकेदार पंचवीस-तीस टक्के 'बिलो', म्हणजे अंदाजपत्रकाच्या खाली, जातो आणि ते टक्के मग रस्त्यातून वसूल होतात. आमच्याकडे ते सांध्यांतून झाले. काँक्रीट ओतल्यावर दिवसाच्या आत कटर फिरवून, जाडीच्या पाव ते तिसरा हिस्सा खोल सांधे कापायचे असतात. उशीर केला की काँक्रीट आपलं आपण तडकतं, हवं तिथे. आमच्याकडे कटर तिसऱ्या दिवशी आला. तडे त्याच्या आधी येऊन बसले होते. मधून दोन्ही कडांना दोन टक्के उतार हवा, म्हणजे मीटरला दोन सेंटिमीटर. आहे तो उतार गटाराकडे नाही, घरांकडे आहे.

बरं, हे फक्त गल्लीतलं नाही. अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग २६ फेब्रुवारी २०२४ ला खुला झाला, तेव्हा शेजारचा बर्फीवाला पूल त्याला टेकेचना. उंचीत दीड मीटरहून जास्त फरक. शेवटी जॅक लावून पूल उचलला. आमची पायरी दोनच इंचांची, हे आमचं भाग्य.

वर विधिमंडळातही वाद पैशाचा कमी आणि नावाचा जास्त. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी. विरोधक म्हणतात तिजोरीत खडखडाट आहे, ठेकेदारांची बिलं थकलीत. सत्ताधारी म्हणतात विकासाला निधी कमी पडू देणार नाही. खड्ड्याबद्दल दोघेही गप्प, कारण खड्ड्याचं लेखाशीर्षच, म्हणजे सरकारी हिशेबातलं खर्चाचं खातंच, वेगळं. राज्याच्या रस्त्यांना नवीन कामाचा पैसा ५०५४ मधून येतो, देखभालीचा ३०५४ मधून. ५०५४ ला फीत असते. डांबराची चौकोनी कड कापून, धूळ झाडून, टॅक कोट म्हणजे डांबराचा पातळ चिकट हात मारून, थराथराने दाबून खड्डा नीट बुजवल्याचा फ्लेक्स कुणी पाहिलाय? म्हणून तो बुजवलाच जात नाही. भर पावसात पेव्हर ब्लॉक टाकून वेळ मारून नेतात.

माफी मात्र लगेच मिळते. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ, आणि दुसऱ्याच दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर. कारचे ४५ रुपये वाचले. टोलवाल्याचा करार चालूच होता, त्याची भरपाई सरकारच्या तिजोरीतून. म्हणजे ज्याच्याकडे सायकलही नाही, तोही आता ते भरतोय. यावर टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या असतील, डबा नसता तर.

तूर्त आमच्याकडे वेगळाच प्रश्न आहे. जुना रस्ता न खोदता त्याच्यावरच सहा इंच काँक्रीट ओतल्याने तळमजल्याचे उंबरे रस्त्याच्या खाली गेलेत. जूनमध्ये पाणी कुठे जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. साहेबांच्या माणसाला विचारलं, त्याने 'त्यांच्या'कडे बोट दाखवलं. 'त्यांनी' नगरपरिषदेकडे धाडलं. नगरपरिषदेत सांगितलं, "उंबरे वाढवून घ्या. त्याला निधी नाही."